चौथ्या गाण्यातला दुसरा आवाज

जुना अल्बम वर्धापनदिनाच्या निमित्ताने पुन्हा काढायचा ठरला की ऐकणाऱ्यांना नक्की काय हवं असतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. नोकरीत असताना कळलं असतं तर एक गोष्ट तरी मी वेगळी केली असती. तीच सांगायला बसलोय.

मी मूळचा सांगलीचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन इथे आलो तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. एका कॅसेट कंपनीच्या टेप लायब्ररीत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आडनाव माने. तमिळमध्ये ‘माने’ म्हणजे ‘अगं हरिणी’, प्रेमगीतात नायिकेला मारलेली हाक. पहिल्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा स्टुडिओतले सगळे व्हायोलिनवाले हसले. पुढे सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

टेप लायब्ररी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. त्या काळी गाणं दोन इंच रुंदीच्या टेपवर घेत. त्या टेपवर चोवीस समांतर पट्टे असत: एकावर तबला, एकावर बासरी, एकावर गायकाचा आवाज. नंतर सगळे पट्टे मिसळून गाणं तयार होई. अशा टेपची रिळं खोक्यांत घालून, खोक्यावर नाव लिहून, थंड खोलीत ठेवायची आणि मागितली की काढून द्यायची, हे माझं काम. चेन्नईच्या दमट हवेत टेपवरचा लेप चिकट होतो. तशी टेप मशीनवर लावली तर लेप सोलून निघतो आणि गाणं संपतं. म्हणून ती आधी भाजावी लागते. खरंच भाजावी लागते! फळं सुकवायचं यंत्र मिळतं, त्यात मंद उष्णतेवर काही तास ठेवायची. मग ती एक-दोनदा नीट वाजते, तेवढ्यात संगणकावर उतरवून घ्यायची. हे मला चांगलं जमतं, आणि म्हणूनच निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी कंपनीने मला परत बोलावलं.

कंपनीचा एक तमिळ पॉप अल्बम तीस वर्षांचा होत होता. सिनेमातला नव्हे, स्वतंत्र गाण्यांचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नव्या आवृत्तीचं काम नित्या नावाच्या पस्तिशीच्या बाईंकडे होतं. हुशार आणि कामाला वाघ. त्या म्हणाल्या, “माने सार, या अल्बमचं लायब्ररीत जे जे शिल्लक आहे ते सगळं मला हवंय. लोकांना बोनस लागतो. न ऐकलेलं काहीतरी.”

रिळं भाजत होतो तोवर नित्याबाईंनी चौदा जुन्या चाहत्यांना स्टुडिओत बोलावलं. साफ केलेली गाणी त्यांना ऐकवायची आणि काय वाटतं ते विचारायचं. मी मागे मशीनपाशी बसलो होतो.

एक शिक्षिका म्हणाल्या, “सगळं छान आहे, पण तुम्ही गाणी संथ केलीत.” आम्ही वेग मोजून दाखवला, मूळ टेपइतकाच होता. मग चौकशीत कळलं की त्यांच्या घरचा कॅसेट प्लेअर वेगात पळायचा. तीस वर्षं त्यांनी गाणी पळतीच ऐकली होती आणि त्यांना ती तशीच हवी होती. एका बँकवाल्यांना कव्हरवरची शुद्धलेखनाची चूक परत हवी होती. आम्ही ती सुधारली होती. एक जण म्हणाला, पहिली बाजू संपल्यावर कॅसेट उलटायला उठावं लागायचं, तेवढी शांतता मध्ये ठेवा. मला आधी हसू येत होतं. मग येईना. ही माणसं अल्बम मागत नव्हती. तो ज्या खोलीत ऐकला ती खोली मागत होती, आणि ती काही आमच्या लायब्ररीत नव्हती.

शेवटी मुरुगेसन बोलला. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला. शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून, गणवेशातच आला होता. वय पन्नाशीचं. त्याला बोनस नको होता, कव्हरही नको होतं.

“मला एकच विचारायचंय,” तो म्हणाला. “चौथ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात जी वरच्या पट्टीतली ओळ आहे, ती कोणी गायलीय?”

नित्याबाईंनी गायिकेचं नाव सांगितलं. मोठं नाव आहे. दक्षिणेत लहान मुलालाही ठाऊक असलेलं.

“नाही मॅडम. त्या ओळीत आवाज बदलतो. लगेच पुढच्या ओळीला परत त्यांचा येतो. मी रोज बसमध्ये ऐकतो. ती बाई वेगळी आहे.”

बाकीचे हसले. त्या गायिकेचा एक कट्टर चाहता रागावलाच. म्हणाला, “तुझे इयरफोन बदल.” मुरुगेसनने वळून माझ्याकडे पाहिलं. खोलीत पांढऱ्या केसांचा मी एकटाच होतो, म्हणून पाहिलं असेल. मी मान खाली घालून मशीनचं बटण पुसत राहिलो.

तो बरोबर होता, आणि ते त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

इथल्या स्टुडिओंत ‘ट्रॅक गाणारे’ असत. मोठ्या गायकांना वेळ नसे. म्हणून आधी दुसऱ्या कोणाकडून गाणं गाऊन घ्यायचं, ते मोठ्या गायकाला ऐकायला द्यायचं आणि तो आला की त्याचा आवाज भरून पहिला आवाज पुसायचा. ट्रॅक गाणाऱ्याचं नाव कुठेच येत नसे. या अल्बमच्या चौथ्या गाण्याचा ट्रॅक रुक्माबाई राव यांनी गायला होता. तंजावरच्या मराठी घरातल्या, तेव्हा तिशीच्या. मुख्य गायिका आल्या त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं परदेशचं विमान होतं. वरची ती ओळ लागेना. संगीतकार म्हणाले, “रुक्माची ठेवा. कोणाला कळतंय!” ती ओळ ठेवली. रुक्माबाईंच्या पट्ट्यावरचं बाकी गाणं पुसून तिथे व्हायोलिन घेतलं.

पण त्यांनी पूर्ण गायलेलं गाणं आणखी एका ठिकाणी होतं. मुख्य गायिकेला ऐकायला द्यायला, सगळ्या वाद्यांसकट, एक कच्चं मिश्रण वेगळ्या रिळावर काढलं होतं. रीळ क्रमांक सहा.

रेकॉर्डिंग संपल्याच्या आठवड्यात रुक्माबाई लायब्ररीच्या दाराशी आल्या होत्या. मी मराठी आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांची मराठी ऐकून मी चमकलो. जुन्या दस्तऐवजातली भाषा तमिळच्या चालीवर म्हणावी तशी ती होती. त्या म्हणाल्या, “त्या रिळाची एक कॅसेट मजला काढून द्याल? अप्पांस ऐकवायचे आहे. ते तंजावरास अंथरुणावर आहेत. त्यांनीच शिकविले. एवढ्या वाद्यांत माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नाही.”

मी म्हटलं, “सोमवारी या.”

शनिवारी मॅनेजरकडून यादी आली. नको असलेली रिळं पुसून पुन्हा वापरायला द्यायची, अशी यादी दर महिन्याला येई. परदेशी टेप मुश्किलीने मिळत असे. सहा नंबरचं रीळ यादीत होतं. त्याच्यापुढे ‘राखून ठेवा’ असं लिहायचा मला अधिकार होता. पण कारण द्यावं लागलं असतं, आणि बाहेरच्या माणसाला कॉपी देणं नियमात बसत नव्हतं. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला असता. ‘विसरलो’ असं इथे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. विसरलो नव्हतो. एका ट्रॅकवालीसाठी कशाला बोलणी खायची, असा विचार केला. इस्त्रीएवढं चुंबकाचं यंत्र असतं, ते रिळावरून गोल फिरवायचं. अर्ध्या मिनिटात काम होतं. मी ते फिरवलं आणि वहीत सही केली.

सोमवारी त्या कोरी कॅसेट घेऊन आल्या. मी सांगितलं, “रिळाला बुरशी लागली हो. टाकून द्यावं लागलं.”

त्यांनी हातातली कॅसेट पिशवीत परत ठेवली. “परवाइल्ले,” म्हणाल्या. म्हणजे असू दे. आणि गेल्या.

मुरुगेसनच्या प्रश्नानंतर मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी चौथ्या गाण्याचं चोवीस पट्ट्यांचं रीळ भाजून मशीनवर लावलं, एक पट्टा सोडून बाकी सगळे बंद केले आणि नित्याबाईंना बोलावलं. व्हायोलिन वाजत आलं, थांबलं, आणि कसल्याही साथीशिवाय ती ओळ आली. अकरा सेकंद. मग पुन्हा व्हायोलिन.

नित्याबाई उभ्याच राहिल्या. “कोण आहे ही?”

मी सगळं सांगितलं. पुसल्याचंही सांगितलं, फक्त कॉपी मागितल्याचं आणि बुरशीचं गाळलं.

“सार, हे नाव आपण छापायचं,” त्या म्हणाल्या. नुसतं बोलून थांबल्या नाहीत. मुख्य गायिकेच्या घरी स्वतः जाऊन आल्या. त्या बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि हरकत नाही म्हणाल्या, एवढंच मला कळलं. पण नित्याबाईंच्या डोक्यात आणखी एक होतं. “अकरा सेकंद पुरतात. आता असं सॉफ्टवेअर आहे की या आवाजावरून त्यांच्याच आवाजात पूर्ण गाणं तयार करता येतं. जे पुसलं गेलं ते परत येईल. लोक वेडे होतील.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला तर, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. माझं केलेलं कोणीतरी भरून देत होतं. रुक्माबाईंची परवानगी आणायचं काम मी मागून घेतलं.

पत्ता मिळायला वेळ लागला नाही. जुन्या कोरसमधल्या एका बाईंनी तो दिला. रुक्माबाई चेन्नईतच, पेरुंगुडीत मुलाकडे राहत होत्या. मुलगा-सून दोघंही आयटीत; मी गेलो त्या दुपारी घरात त्या एकट्याच होत्या. साठी उलटलेली, केस पांढरे, आवाज बोलताना थोडा चिरका. मला त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं. कॉफी केली. ट्रॅकची कामं पुढे दहा-बारा वर्षं केली, मग शाळेत संगीत शिकवलं, असं सांगितलं.

मी आधी कंपनीचं बोललो: नाव छापायचं, पूर्ण गाणं तयार करायचं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ते रीळ असते तर यंत्राचे काम नव्हते. बुरशी लागली ना त्यास?”

तिथे ‘हो’ म्हणता आलं असतं. गाडी तशीच पुढे गेली असती.

“बुरशी लागली नव्हती,” मी म्हणालो. “मी पुसलं. तुम्ही सोमवारी येणार हे माहीत असून शनिवारी पुसलं. नंतर खोटं बोललो.”

रुक्माबाईंनी पेला खाली ठेवला.

“अप्पांस मी बुरशी म्हणूनच सांगितले,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, मग तूच म्हण. मी खाटेपाशी बसून म्हटले. ऐकून विचारले, याच्या पाठीमागे काय वाजते? मी तोंडाने व्हायोलिन करून दाखविले, बासरी करून दाखविली. ते हसले. दीड महिन्याने गेले.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हे आज कशास सांगता? माझी सही पाहिजे म्हणून, की तुम्हास हलके वाटावे म्हणून?”

दोन्ही कारणं होती.

“जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी उठलो. दाराशी चपलेचं बक्कल न लावताच बाहेर पडलो.

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “तीस वर्षं मला नाही सांगितलंत ते.” तेही खरंच होतं. नित्याबाईंना मी कळवलं की परवानगी मिळाली नाही, आणि त्याला कारण मी आहे. या वेळी काहीही गाळलं नाही.

आठवड्याने रुक्माबाई स्वतःच स्टुडिओत आल्या. रिक्षातून, एकट्या. मला म्हणाल्या, “ऐकवा.”

मी रीळ उतरवून घेतलं होतं, ते लावलं. सगळी वाद्यं बंद करून फक्त ती ओळ. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, हात मांडीवर. ओळ संपली. “परत.” परत लावली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “आता सगळी वाद्ये लावा.” चोवीस पट्टे उघडले आणि शेवटचं कडवं पूर्ण आवाजात वाजवलं. त्यांची ओळ आली तेव्हा त्यांनी ओठ हलवले. आवाज काढला नाही.

नित्याबाईंनी हळूच विचारलं, “अम्मा, पूर्ण गाणं करूया ना? तुमचाच आवाज असेल.”

“मी म्हटले ते पुसले,” रुक्माबाई तमिळमध्ये म्हणाल्या. “जे यंत्र म्हणेल ते मी म्हटलेले नाही. ते माझे म्हणून विकू नका. ही एक ओळ माझी आहे. तिच्यापुढे माझे नाव लिहा. तेवढे पुरे.”

“पण लोकांना पूर्ण ऐकायचं असेल...”

“मलाही ऐकायचे होते.”

नित्याबाईंनी कागद पुढे केला, त्यात पूर्ण गाण्याबद्दलचा मजकूर स्वतःच्या हाताने खोडला. रुक्माबाईंनी तमिळमध्ये सही केली. मग माझ्याकडे वळून, आमच्या भाषेत म्हणाल्या, “बाकीचे का नाही, तेही लिहा. कोणी पुसले ते. तुमचे नाव घालून.”

मी म्हटलं, “लिहितो.”

अल्बम निघाला. चौथ्या गाण्याखाली, शेवटच्या कडव्यातला स्वर रुक्माबाई राव, असं छापलं आहे. बोनस नाही म्हणून बऱ्याच जणांनी नाराजी कळवली. त्या कट्टर चाहत्याने लांबलचक निषेध लिहिला. शिक्षिकाबाईंनी गाणी अजून संथच वाटतात असं कळवलं. मुरुगेसनला नित्याबाईंनी पहिली प्रत दिली. त्याने कव्हर उलटून नाव वाचलं आणि त्या बाईंना भेटता येईल का, विचारलं. एका रविवारी मी त्याला पेरुंगुडीला घेऊन गेलो. रुक्माबाई मला घरात घेतील की नाही याची खात्री नव्हती. घेतलं.

त्यांनी त्याला धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारून विचारलं, “तंबी, आवाज वेगळा आहे हे तुला कसं कळलं? तू गातोस?”

“नाही अम्मा. त्या मोठ्या बाई प्रत्येक ओळीच्या मध्ये श्वास घेतात. तुम्ही त्या ओळीत कुठेच घेत नाही. मला दर वेळी वाटायचं, आता कसं होणार. आणि तुम्ही पोचायचात.”

रुक्माबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “अप्पा मध्ये श्वास घेऊ देत नसत,” म्हणाल्या, आणि पदराने चेहरा पुसला. इतक्या वर्षांत त्यांच्या गाण्याबद्दल कोणी त्यांच्याशी बोललेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. ऐकणाऱ्यांना काय हवं असतं याबद्दल आमच्या कंपनीत खूप बैठका झाल्या; या माणसाला, जिने गायलं तिला समोर बसून ‘तुम्ही’ म्हणायचं होतं.

निघताना त्यांनी मला थांबवलं. अल्बमची प्रत त्यांच्या हातात होती.

“तुमचे नाव कोठे आहे?”

“कंपनीने ते वाक्य छापलं नाही. मी लिहून दिलं होतं.”

“मग दुसरीकडे छापा. आपल्या भाषेत.”

म्हणून हा लेख. त्या रिळाला बुरशी लागली नव्हती. रुक्माबाई राव यांनी गायलेलं पूर्ण गाणं त्यावर चांगल्या स्थितीत होतं. त्या ते मागायला आल्या होत्या, ते राखणं माझ्या हातात होतं, आणि ते मी, वसंत माने, पुसलं.

रुक्माबाईंना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचता येत नाही; त्यांच्या घरात सगळे तमिळच वाचत-लिहीत आले. तेव्हा अंक हातात आला की पेरुंगुडीला जाऊन हा लेख मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, असं ठरलं आहे. मधलं काही गाळायचं नाही, अशी त्यांची अट आहे. मुरुगेसनही येणार आहे. त्याला मराठी कळत नाही, पण मी कुठे अडखळतो ते त्याला बरोबर ऐकू येईल.